बोटीच्या ट्रेलरचे ब्रेक कमी लागतात : दोनदा एअर काढूनही फरक नाही

एव्हरेटकर

नमस्कार. मी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलच्या उत्तरेला एव्हरेट येथे राहतो. दोन वर्षांपूर्वी मी २१ फुटांची अ‍ॅल्युमिनियमची मासेमारीची बोट आणि तिचा २००९ सालचा दोन आसांचा ट्रेलर जुन्यातच विकत घेतला. ट्रेलरला हायड्रॉलिक सर्ज ब्रेक (गाडी मंदावली की ट्रेलरच्याच धक्क्याने, तेलाच्या दाबावर लागणारे) आहेत. फक्त पुढच्या आसाच्या दोन चाकांना ड्रम आहेत आणि मागचा आस ब्रेकशिवाय आहे. बोट बहुतेक वेळा इथल्या खाऱ्या पाण्यात उतरते, वर्षातून एकदोनदा पर्वतापलीकडच्या लेक शेलान या गोड्या पाण्याच्या तलावावर जाते.

ऑगस्टमध्ये शेलानहून परतताना, स्टीव्हन्स पास ओलांडून स्कायकोमिशच्या दिशेने उतरत असताना, ट्रेलरचे ब्रेक जवळजवळ लागतच नाहीत असे लक्षात आले. पेडल दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही, मग कपलरपाशी, म्हणजे ट्रेलर गाडीला जिथे जोडतो तिथे, ‘ठक्’ असा धक्का बसतो आणि त्यानंतर ट्रेलर पिकअपला मागून ढकलत राहतो. खाली पोहोचेपर्यंत पिकअपच्याच पुढच्या ब्रेकना जळका वास येऊ लागला होता. गाडीत पत्नी आणि दोन मुले होती, त्यामुळे त्या उतारापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आतापर्यंत केलेले काम सांगतो. कपलरमधल्या टाकीतले ब्रेक ऑइल थोडे खाली गेले होते आणि त्याला चहाचा रंग आला होता. एका गॅरेजकडून ते पूर्ण बदलून एअर (ब्रेकच्या नळीत अडकलेली हवा) काढून घेतली. फरक पडला नाही म्हणून पुढच्या आठवड्यात मी स्वतः पुन्हा एअर काढली. बुडबुडे आले नाहीत. नंतर पुढचा आस जॅकवर घेतला, मुलाला कपलरखालच्या भोकातून स्क्रूड्रायव्हरने मास्टर सिलिंडरचा (ब्रेक ऑइलवर दाब आणणाऱ्या सिलिंडरचा) दांडा दाबून धरायला सांगितले आणि मी चाकामागे बसून चाक माझ्याकडे, म्हणजे मागच्या दिशेने, ओढून पाहिले. दोन्ही चाके सहज फिरली. यावरून मास्टर सिलिंडर निकामी झाला आहे असा निष्कर्ष काढून संपूर्ण कपलर नवीन मागवण्याच्या बेतात आहे. हा निष्कर्ष बरोबर आहे का?

गॅल्व्हेस्टनचा_वारा

नमस्कार. मी ह्यूस्टनमध्ये राहतो आणि गेली अकरा वर्षे गॅल्व्हेस्टनच्या खाडीत बोट नेतो. कपलरची ऑर्डर कृपया थांबवा. तुम्ही केलेल्या चाचणीवरून मास्टर सिलिंडरबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

सर्ज ब्रेकमध्ये गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलला जातो, कपलरचा आतला भाग सरकतो आणि मास्टर सिलिंडर दाबतो. आता विचार करा, सपाटीवर किंवा चढावर रिव्हर्स घेतानाही कपलर असाच दाबला जातो. तेव्हा ब्रेक लागले तर ट्रेलर मागे हलणारच नाही. म्हणून या ट्रेलरच्या ड्रममधली रचना अशी असते की चाक उलटे फिरू लागले की शूची (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या वक्र पट्ट्यांची) पकड आपोआप सैल पडते. तुम्ही चाक मागच्या दिशेने फिरवलेत, ते सहज फिरले, म्हणजे ती रचना जशी चालायला हवी तशी चालत आहे. हीच चाचणी चाक पुढच्या दिशेने, रस्त्यावर धावताना फिरते त्या दिशेने, फिरवून करा. दांडा दाबल्यावर ते हाताने फिरता कामा नये. फिरले तर आपण पुढे बोलू. (ट्रेलरला डिस्क ब्रेक असते तर गोष्ट वेगळी होती. तिथे रिव्हर्ससाठी गाडीच्या मागच्या पांढऱ्या दिव्याच्या तारेवर चालणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवरची झडप, असतो आणि तो अडकला किंवा त्याची तार चुकीच्या जागी जोडली गेली तर पुढे जातानाही ब्रेकपर्यंत दाब पोहोचत नाही. तुमच्याकडे ड्रम आहेत, त्यामुळे तो शोध वाचला.)

दुसरे म्हणजे तुम्ही ज्या ‘ठक्’ आवाजाचे वर्णन केले आहे तो फार बोलका आहे. माझ्या मते कपलरचा सरकता भाग आपली संपूर्ण वाट चालून शेवटच्या टोकाला आपटतो, आणि तोपर्यंत शू ड्रमला नीट टेकलेलेच नसतात. कपलरच्या सरकत्या भागावर खडूने रेघ मारा, मोकळ्या मैदानात सावकाश चालवून जोरात ब्रेक दाबा आणि रेघ किती सरकली ते मोजा. साधारण एक इंचापेक्षा जास्त सरकत असेल तर शू ड्रमपासून फार लांब आहेत, असे समजावे. मोटारींच्या बहुतेक ड्रम ब्रेकमध्ये हे अंतर आपोआप जुळते, पण बोटीच्या ट्रेलरच्या बऱ्याच ड्रममध्ये ते हातानेच जुळवावे लागते. जुना ट्रेलर घेणाऱ्यांना ही गोष्ट कोणी सांगत नाही. मलाही पहिली तीन वर्षे माहीत नव्हती.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची चाचणी. अंतरावरून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. दोनचार किलोमीटर चालवा, रिकाम्या रस्त्यावर आठदहा वेळा व्यवस्थित ब्रेक लावा, लगेच थांबून चारही चाकांच्या मध्यभागाचे तापमान लिहून ठेवा. तुमच्या मागच्या आसाला ब्रेक नाहीत, ही इथे सोय आहे, कारण ती दोन चाके फक्त बेअरिंगची उष्णता दाखवतील आणि तुलनेला पक्का आधार मिळेल. ब्रेक असलेले एखादे चाक त्यांच्याइतकेच थंड राहिले तर ते चाक काम करत नाही, हे नक्की.

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. माझे चिपळूणला तीस वर्षे गॅरेज होते. आता वय ६८ आहे आणि सध्या मुलीकडे न्यू जर्सीला आलो आहे. बोटीचा ट्रेलर मी इथे आल्यावर प्रथमच जवळून पाहिला, पण ड्रम, व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने शू बाहेर ढकलणारा चाकातला सिलिंडर) आणि लायनर (शूवरचा घासणारा थर) यांच्याशी आयुष्यभर संबंध आला, म्हणून लिहितो.

वरील उत्तराशी मी सहमत आहे आणि त्यात एक तर्क जोडतो. ब्रेकच्या नळीत हवा असेल तर एअर काढल्यावर थोडा तरी फरक पडतो. तुम्ही दोनदा एअर काढलीत, दुसऱ्या वेळी बुडबुडाही आला नाही, आणि ब्रेक होता तसाच राहिला. म्हणजे दोष बहुतेक तेलात नसून चाकाच्या आत, लोखंडात आणि लायनरमध्ये आहे. गॅरेजमध्ये आलेली पोरे तक्रार ऐकली की आधी एअर काढायला धावत, कारण ते काम सोपे असते आणि ड्रम उघडण्यात वेळ जातो. मी त्यांना ड्रम आधी उघडायला लावत असे.

जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचा पूर चिपळुणात शिरला, त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी जेवढे ड्रम उघडले तेवढे आधीच्या दोन वर्षांत उघडले नसतील. पुराचे पाणी ओसरले तरी गाळ ड्रममध्ये राहतो, व्हील सिलिंडरच्या पिस्टनवर गंज चढतो आणि तो एका जागी घट्ट बसतो. बाहेरून गाडी धुऊन स्वच्छ दिसते. तुमचा ट्रेलर तर प्रत्येक सहलीला स्वतःहून पुरात उतरतो, तोही खाऱ्या पाण्यात. म्हणून ड्रम उघडल्यावर तीन गोष्टी पाहा. व्हील सिलिंडरचे रबरी बूट किंचित उचलून आत ओल आहे का ते बघा. पिस्टन दोन्ही बाजूंना हलतात का ते बघा. आणि अंतर जुळवण्याचे दातेरी चाक हाताने फिरते का ते बघा. गंजामुळे ते जाम झाले असेल तर तुमची बरीचशी तक्रार तिथेच आहे.

रबरी नळी मात्र विसरू नका. कोणाला तरी दांडा दाबायला सांगून नळीला हात लावा. ती फुगत असेल तर दाब तिथेच जिरतो आहे. याउलट दाब सोडल्यावरही चाक बराच वेळ अडकून राहत असेल तर नळी आतून सुजून बंद झाली आहे असे समजा. बाहेरून अशी नळी अगदी धडधाकट दिसते.

तेल चहाच्या रंगाचे झाले होते, याविषयीही लिहायला हवे. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. नवे डॉट ३ दर्जाचे ऑइल कमीत कमी २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असे मानक आहे, आणि पाणी शोषलेल्या त्याच ऑइलसाठी ती मर्यादा १४० अंशांवर येते. कुंभार्ली घाट उतरून आलेल्या जीपचे पेडल तळाला गेल्याची तक्रार घेऊन लोक यायचे आणि गाडी थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा ठीक लागायचे, त्याचे कारण हेच. तेल उकळून नळीत वाफ होते आणि वाफ दाबली जाते. तुम्ही तेल बदललेत ते चांगलेच केलेत, फक्त ते तुमच्या मुख्य दुखण्याचे औषध नव्हते. पुढे तेल भरताना सिलिकोनचे डॉट ५ डॉट ३ मध्ये कधीही मिसळू नका.

पर्थवासी

मी ऑस्ट्रेलियात आहे. दुरुस्तीबद्दल वरच्या दोघांनी नेमके लिहिले आहे, मला प्रश्न वजनाचा पडला आहे. बोट, इंजिन, पेट्रोल, बॅटऱ्या, नांगर आणि ट्रेलर मिळून एकूण किती भरते ते काट्यावर मोजले आहे का? माहितीपत्रकात बोटीचे जे वजन दिलेले असते त्यात बहुधा इंजिन आणि इंधन धरलेले नसते. २०० लिटर पेट्रोल म्हणजेच जवळजवळ १५० किलो.

आमच्याकडे ७५० किलोंच्या पुढे निदान एका आसाला ब्रेक लागतात, आणि २,००० किलोंच्या पुढे सर्व चाकांना ब्रेक लागतात. शिवाय ट्रेलर गाडीपासून सुटला तर ते आपोआप लागायला हवेत. तुमचे कायदे वेगळे आहेत, पण भौतिकशास्त्र तेच आहे. समजा २,२०० किलोंचा ट्रेलर ३,००० फूट, म्हणजे सुमारे ९१५ मीटर खाली आला, तर साधारण दोन कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. खोलीच्या तापमानाचे ६० लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला एवढीच लागते. काही हवेत जाते, काही टायरमध्ये जाते, उरलेली तुमचे दोन ड्रम आणि पिकअपचे ब्रेक व इंजिन यांनी वाटून घ्यायची असते. सर्ज ब्रेकला उतारावर विसावाही मिळत नाही, कारण तुम्ही पेडलवरचा पाय काढून नुसत्या इंजिनाने गाडी रोखलीत तरी ट्रेलर कपलरला ढकलतच असतो आणि त्याचे शू घासत राहतात. खालच्या गिअरमध्ये आणि कमी वेगाने उतरल्यास एकूण उष्णता फारशी घटत नाही, पण ती बाहेर टाकायला ड्रमना वेळ मिळतो.

एव्हरेटकर

तिघांचेही मनापासून आभार. शनिवारी सगळ्या चाचण्या केल्या. काका, तुमचा तर्क आधी वाचला असता तर दुसऱ्यांदा एअर काढण्यात रविवार घालवला नसता.

चाक पुढच्या दिशेने फिरवून पाहिले. दांडा दाबल्यावर डावे चाक बऱ्याच ताकदीने फिरवले तर फिरत होते, उजवे मात्र जवळजवळ अडथळ्याविना फिरले. खडूची रेघ सव्वादोन इंच सरकली. हवेचे तापमान १८ अंश असताना दहा वेळा ब्रेक लावल्यानंतरचे आकडे असे आले : पुढचे डावे ७१, पुढचे उजवे ३४, मागचे डावे ३१, मागचे उजवे ३२. म्हणजे उजवे चाक ब्रेक नसलेल्या चाकांइतकेच थंड आहे. एवढे दिवस मी एका चाकाच्या अर्धवट ब्रेकवर हा ट्रेलर ओढत होतो, हे आकडे पाहिल्यावर खरोखर अंगावर काटा आला.

ट्रक थांब्यावरच्या काट्यावर बोट भरलेल्या ट्रेलरचे वजन ४,९०० पौंड, म्हणजे सुमारे २,२२० किलो भरले. माझा अंदाज ३,८०० पौंडांचा होता. आमच्या राज्यात ३,००० पौंडांच्या पुढे ट्रेलरला ब्रेक अनिवार्य आहेत, तेव्हा ही ऐच्छिक दुरुस्ती नाही.

उजवा ड्रम उद्या उघडणार आहे.

वाशिष्ठीकाठ

उघडण्याआधी एक विचारतो. तुमच्या चाकांच्या मध्यभागी स्प्रिंगची ग्रीस भरायची टोपणे आहेत का? असतील तर त्यात ग्रीस किती वेळा आणि किती भरता?

एव्हरेटकर

हो, आहेत. आधीच्या मालकाने सांगितले होते की खाऱ्या पाण्यातून आल्यावर प्रत्येक वेळी ग्रीस भरावे, म्हणजे बेअरिंगमध्ये पाणी शिरत नाही. मी ग्रीस गनने ते आत जाणे थांबेपर्यंत भरत होतो.

वाशिष्ठीकाठ

मग उजव्या ड्रममध्ये काय सापडेल ते मी न पाहता सांगू शकतो. त्या टोपणाचा हेतू चांगला आहे. प्रवासात तापलेला हब रॅम्पवर एकदम थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते. टोपणातली स्प्रिंग ग्रीसवर किंचित दाब ठेवून ते अडवते. पण त्यातली चकती जरा बाहेर सरकली की हात थांबवायचा असतो. त्यापुढे भरलेले ग्रीस मागच्या ऑइल सीलवर दाब देते, सील जागचे हलते आणि ग्रीस थेट लायनरवर येते. लायनरवर ग्रीस असेल तर तेलाचा दाब कितीही आला तरी शू नुसता घसरत राहतो.

तसे दिसले तर लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. वरून ते कोरडे दिसते, पण ग्रीस आत मुरलेले असते आणि पहिल्याच घाटात तापून पुन्हा वर येते. नवे शू घ्या, आणि डाव्या चाकाचे शू चांगले असले तरी दोन्ही बाजूंचे एकदमच बदला, नाहीतर ब्रेक लावल्यावर ट्रेलर एका बाजूला ओढेल. लहान लायनरचा शू पुढच्या बाजूला आणि मोठ्या लायनरचा मागच्या बाजूला बसतो. यात अदलाबदल झाली तर ब्रेक पुन्हा कमजोर लागेल. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे स्प्रिंगांची जागा पाहायला दुसरी बाजू शाबूत राहील. ड्रममधली धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसून घ्या. जुन्या लायनरची धूळ फुप्फुसांना घातक असते. आमच्या पिढीने ती काळजी घेतली नाही आणि माझे दोन कारागीर आजही दम्याने त्रस्त आहेत.

गॅल्व्हेस्टनचा_वारा

काकांनी शूबद्दल सर्व लिहिले आहे, मी जुळवणीबद्दल लिहितो. ड्रम चढवल्यावर मागच्या प्लेटमधल्या खाचेतून दातेरी चाक फिरवत शू बाहेर आणा. चाक हाताने फिरेनासे झाले की शू ड्रमच्या मध्यावर नीट बसले, असे समजायचे. मग दाते मागे घ्या, चाक मोकळे फिरू लागेल आणि शू अगदी हलका घासल्याचा आवाज कानाला येईल तिथे थांबा. हे सर्व करताना चाक फक्त पुढच्या दिशेने फिरवायचे, कारण उलटे फिरवलेत तर शूची जागा बदलते आणि जुळवणी चुकते. नंतर खाचेचे रबरी बूच परत लावायला विसरू नका. नव्या शूसह थोडे चालवल्यावर अंतर पुन्हा एकदा जुळवावे लागेल.

कपलर पूर्ण बदलण्याऐवजी त्याच्या सरकत्या भागाचे रोलर आणि बुश झिजले आहेत का तेवढे पाहा, आणि कपलरला ग्रीसचा निपल असेल तर तिथे मात्र निःसंकोचपणे ग्रीस द्या. खाऱ्या पाण्यातून वर आल्यावर ड्रम आतून गोड्या पाण्याने धुण्यासाठी मागच्या प्लेटवर नळी जोडायची सोय करता येते. मी ती बसवल्यापासून शूचे आयुष्य माझ्याकडे स्पष्टपणे वाढले आहे.

एव्हरेटकर

काकांनी सांगितले होते तसेच निघाले. उजव्या ड्रममध्ये मागचे सील तिरके होऊन अर्धे बाहेर आले होते आणि दोन्ही शू ग्रीसने चमकत होते. डाव्या ड्रममध्ये लायनर निम्म्याहून अधिक शिल्लक होते, पण दातेरी चाक गंजाने जाम होते आणि शू ड्रमपासून एवढे लांब होते की ते कित्येक वर्षे कोणी जुळवले नसणार. व्हील सिलिंडर दोन्हीकडे कोरडे आणि मोकळे होते, रबरी नळी फुगत नव्हती, मास्टर सिलिंडर निर्दोष होता.

दोन्ही बाजूंचे शू, स्प्रिंगा, दातेरी चाके आणि मागची सीले नवी घातली, बेअरिंग धुऊन पुन्हा ग्रीस भरून बसवली, आणि टोपणात चकती जरा हलेपर्यंतच ग्रीस दिले. पन्नास मैल चालवून पुन्हा अंतर जुळवले. आता रेघ पाऊण इंच सरकते, कपलरचा धक्का गेला आहे, आणि आधीच्याच रस्त्यावर दहा ब्रेकनंतर डावे चाक ९६ आणि उजवे ९१ अंशांवर आले. सर्व सुटे भाग मिळून खर्च नव्या कपलरच्या निम्म्यापेक्षा कमी झाला.

मागच्या आसावर ब्रेक प्लेट बसवण्याची चार भोकांची फ्लँज (जोडचकती) कारखान्यातूनच आलेली आहे, हे जॅकवर घेतल्यावर दिसले. ४,९०० पौंड वजनाला दोन ड्रम अपुरे आहेत हे आता पटले आहे, म्हणून हिवाळ्यात तिथेही याच प्रकारचे ड्रम बसवणार आहे. चार व्हील सिलिंडरना सध्याच्या मास्टर सिलिंडरचे तेल पुरेल का, हे त्याच्या प्लेटवरच्या क्रमांकावरून निर्मात्याला विचारले आहे. उत्तर आले की इथेच लिहीन. ते काम होईपर्यंत बोट फक्त एव्हरेटच्या रॅम्पपर्यंत जाईल, घाटात नाही.